रूळ टाकणारे कुठे गेले? वुसुंगची रेल्वे, आपला बोरघाट आणि साहेबाचे कागद

गेल्या महिन्यात आंजर्ल्याच्या बौद्धवाडीतल्या विहारात तरुणांची बैठक होती. विषय होता गावातल्या अभ्यासिकेचा. पण वंदना झाली आणि चहा येईपर्यंत दोन पोरांची जुंपली. एकाच्या मोबाईलवर एक मजकूर आला होता: '१८७७ साली चीनने इंग्रजांची रेल्वे पैसे मोजून विकत घेतली आणि मुळापासून उखडून टाकली. याला म्हणतात स्वाभिमान! आणि आपण १८५३ साली हारतुरे घेऊन बोरीबंदरला उभे होतो.' दुसरा पोरगा तावातावाने म्हणाला, "दादा, इंग्रजांनी रेल्वे आणली नसती तर आपण अजून गावकीच्या कामातच असतो. रेल्वेनेच जात मोडली."

अभ्यासिकेचा विषय तिथेच राहिला. त्या दिवशी जे बोललो ते जरा नीट मांडतो आहोत, कारण ही दोन्ही मतं आपल्या गटांतून रोज फिरतात आणि आपली मुलं दोन्हींवर विश्वास ठेवतात.

पहिलं मत अर्धं खरं आहे. अर्धं खरं असलेलं मत पूर्ण खोट्यापेक्षा जास्त नुकसान करतं, म्हणून चीनचं प्रकरण आधी समजून घेऊ.

शांघायहून वुसुंग बंदराकडे जाणारी नऊ-साडेनऊ मैलांची वाट. शांघायमधला अमेरिकेचा उप-वाणिज्यदूत ब्रॅडफर्ड याच्या डोक्यात १८७२ च्या सुमारास तिथे रेल्वे टाकायची कल्पना आली. नीट वाचा. परदेशी सरकारचा प्रतिनिधी, ज्याचं काम पत्रं लिहायचं आणि आपल्या नागरिकांची काळजी घ्यायची, तोच कंपनी काढतो. चिनी सरकार रेल्वेला परवानगी देणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग जमीन घेतली ती 'गाडीरस्ता' करायचा म्हणून. पुढे हे काम जार्डिन मॅथेसन या इंग्रज पेढीच्या हाती गेलं. १८७६ च्या उन्हाळ्यात त्या 'गाडीरस्त्या'वर अडीच फूट रुंदीचे रूळ दिसले, त्यावर इंजिन आलं आणि अर्ध्या वाटेपर्यंत उतारूंची ने-आण सुरू झाली. शांघायचे चिनी दरोगे, म्हणजे ज्यांना तिथे ताओताई म्हणत ते फंग, ओरडून सांगत होते की परवानगी रस्त्याची दिली होती, रेल्वेची नाही. ब्रिटिश वाणिज्यदूत मेडहर्स्ट कंपनीची बाजू सांभाळत होता.

ऑगस्टमध्ये एक चिनी माणूस गाडीखाली मेला आणि प्रकरण पेकिंगच्या दरबारात गेलं. ब्रिटिश वकील थॉमस वेड त्या वेळी दुसऱ्याच भांडणात होता. युन्नान प्रांतात मार्गारी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा १८७५ मध्ये खून झाला होता आणि त्याची भरपाई वेड वसूल करत होता. त्याच सौदेबाजीच्या काळात रेल्वेचाही निकाल लागला. ऑक्टोबर १८७६ मध्ये करार झाला: चीनने २ लाख ८५ हजार ताएल चांदी हप्त्याने द्यायची, पैसे फिटेपर्यंत कंपनीने गाडी चालवायची. वर्षभर गाडी चालली, माणसं खच्चून भरून गेली. १८७७ च्या ऑक्टोबरात शेवटचा हप्ता फिटला आणि सुभेदार शन बाओजन याने रूळ उखडायला लावले. सामान जहाजात घालून तैवानला पाठवलं.

इथवर मोबाईलवरचा मजकूर बरोबर आहे. आता पुढचं.

त्या काळच्या परदेशी वकिलातींचे अहवाल आणि शांघायची इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या युरोपातल्या माणसाला काय कळलं? चिनी माणूस अंधश्रद्धाळू आहे. जमिनीतलं 'फंगश्वे' बिघडेल, पूर्वजांच्या थडग्यांना धक्का लागेल, म्हणून तो वाफेच्या इंजिनाला घाबरतो. थडग्यांचा प्रश्न होता, नाही असं नाही. पण पेकिंगच्या परराष्ट्र कचेरीने १८६७ मध्येच आपल्या प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना रेल्वे आणि तारायंत्राबद्दल मत विचारलं होतं. त्यांच्या उत्तरांत दुसऱ्याच दोन गोष्टी ठळक होत्या. एक, रेल्वे परक्याच्या हातात गेली तर देशाच्या आतपर्यंत परक्याचा हात पोहोचेल. दोन, गाडीवान, हमाल आणि नावाडी यांचं पोट जाईल. या दोन्ही गोष्टी समजायला अंधश्रद्धा लागत नाही. परवानगी न घेता दुसऱ्याच्या देशात रेल्वे टाकणं ही चोरी होती, हे वाणिज्यदूताला कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही. पण 'आम्ही चोरी केली' असं लंडनला कळवता येत नाही. 'हे लोक मागासलेले आहेत' असं कळवता येतं.

आंबेडकरी माणसाला ही युक्ती ओळखीची वाटली पाहिजे. माणसाचा हक्काचा सवाल त्याच्या 'स्वभावा'वर ढकलायचा. पाणी मागितलं तर 'यांना शिस्त नाही', मजुरी मागितली तर 'हे आळशी'. साहेबाने हे चिन्यांच्या बाबतीत केलं आणि आपल्याकडे तर ते साहेब येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून चालू होतं.

पण मग उखडलेले रूळ म्हणजे स्वाभिमान का? कुणाचा? शन बाओजन हा मोठा अधिकारी होता. नावाड्यांच्या नावाने त्याने निर्णय घेतला, नावाड्यांना विचारून नाही. आणि चीनने रेल्वेच नको म्हटलं हेही खरं नाही. १८८१ मध्ये तांगशानच्या कोळशाच्या खाणीपासून सुमारे सहा मैलांचा लोहमार्ग झाला. तो चिनी कंपनीचा, ली हुंगचांगच्या आशीर्वादाने. वुसुंगचा मार्गही १८९८ मध्ये पुन्हा टाकला गेला. भांडण रुळांशी नव्हतं, रूळ कुणाच्या हातात राहणार याच्याशी होतं. मोबाईलवरचा मजकूर हे सांगत नाही. कारण मालकी कुणाची हा प्रश्न एकदा विचारला की तो इंग्रजांपाशी थांबत नाही. तो पुढे गावातल्या जमिनीपर्यंत, पाणवठ्यापर्यंत येतो.

जाता जाता एक गोष्ट. ज्या जार्डिन मॅथेसन पेढीने वुसुंगची रेल्वे टाकली, तिची भरभराट झाली ती अफूवर. आणि ती माळव्याची अफू जात होती आपल्या मुंबई बंदरातून. जार्डिनचा मुंबईतला सर्वांत मोठा भागीदार होता सर जमशेटजी जीजीभॉय. हेच जमशेटजी आणि नाना शंकरशेट १८४५ मध्ये मुंबईत रेल्वे आणण्याच्या खटपटीत पुढे होते. कलकत्त्याच्या बाजूला ईस्ट इंडियन रेल्वे उभारणारा मॅक्डोनल्ड स्टीफन्सन १८६४ मध्ये चीनला जाऊन तिथल्या सरकारला सबंध देशाचा रेल्वेचा आराखडा देऊन आला होता. तेव्हा 'चीनची रेल्वे' आणि 'आपली रेल्वे' ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. माणसं तीच, पेढ्या त्याच, कागदांची भाषाही तीच.

आता आपल्याकडे या.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे, तोफांची सलामी. हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं की १८४९ च्या करारानुसार जीआयपी कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती. कंपनीला नफा झाला नाही तर ती भरपाई सरकारी तिजोरीतून. तिजोरी कशाने भरायची? शेतसाऱ्याने आणि मिठावरच्या कराने. आंजर्ल्याच्या खाडीवर ज्याने आयुष्यात इंजिन पाहिलं नाही, त्याच्या भाकरीवरच्या मिठातून लंडनच्या भागधारकाचं व्याज जात होतं.

त्यानंतर आला बोरघाट. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला मार्ग खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. त्याने हे काम कसं झालं यावर लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेत निबंध वाचला. त्यांच्या हिशेबांत दगड किती फोडला, उतार किती, कमानी किती याची नोंद फुटाफुटाने आहे.

माणसांची नोंद? १८६१ मध्ये एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत मजूर घाटात होते, एवढा आकडा मिळतो. महार, मांग, कुणबी, वडार, कामाठी, घाटावरचे आणि कोकणातले. बायका टोपल्या वाहायच्या, पोरं खडी वेचायची. पटकी आली की वस्त्याच्या वस्त्या साफ व्हायच्या. किती मेले? इतिहासकारांचे अंदाज हजारोंच्या घरात जातात, काही पंचवीस हजारांपर्यंत. अंदाजच करावा लागतो, कारण मजुराच्या मरणाची वही कुणी नीट ठेवलीच नव्हती. बोगद्याची लांबी मोजली, बोगद्यात मेलेला माणूस मोजला नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन काही दिवसांतच आजाराने मेला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. तिचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, आणि व्हावं. पण त्याच पटकीने, त्याच हगवणीने ज्या बाया मेल्या त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

मजूर मुके होते म्हणून नावं नाहीत, असं समजू नका. ट्रेडवेलच्या आधीचा ठेकेदार फॅव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये त्याच्या मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला. मोठा ठेकेदार, त्याच्या हाताखाली छोटा, त्याखाली मुकादम अशी उतरंड, आणि पैसा वरून खाली येता येता आटायचा. मुंबई सरकारने चौकशी नेमली. फॅव्हिएलने ठेका सोडला. आणि १८६० मध्ये मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला, म्हणजे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढायचे. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कायद्याने काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. आपल्याकडच्या मजूर कायद्याचा इतिहास सांगताना लोक कापडगिरण्यांपासून सुरू करतात. आमचं म्हणणं, तो बोरघाटातल्या त्या दंग्यापासून सुरू करा. ज्यांना 'अडाणी' म्हणून सोडून दिलं त्यांनी सरकारला कायदा करायला लावला होता.

चिनी मजुराचंही हेच. अमेरिकेत १८६५ ते १८६९ या काळात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेसाठी हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडले. कंपनीच्या पगाराच्या वह्यांत बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचं नाव आहे, टोळीतल्या माणसांचं नाही. त्यांनी जून १८६७ मध्ये संप केला होता. कंपनीने त्यांचं धान्य तोडून तो मोडला.

तेव्हा पहिल्या पोराला आमचं उत्तर एवढंच: रूळ उखडणारा कोण हे विचारतोस, रूळ टाकणारा कोण हेही विचार.

आता दुसरं मत. हे आपल्या घरातलं आहे, म्हणून जास्त काळजीने बोललं पाहिजे. 'रेल्वेने जात मोडली.'

हे म्हणणारा पहिला माणूस आपला नव्हता. १८५३ च्या ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं की रेल्वेपाठोपाठ येणारे कारखाने हिंदुस्थानातली पिढीजात कामाची वाटणी आणि तिच्यावर उभी असलेली जात मोडून काढतील. लंडनमध्ये बसून, रेल्वे सुरू होऊन चार महिने झाले असताना केलेलं भाकीत. त्याचा दोष त्याला फार देऊ नये, त्याच्यापुढेही साहेबाचेच कागद होते. जात ही नुसती कामाची वाटणी नसते, ती काम करणाऱ्यांची वरखाली लावलेली उतरंड असते, हे पुढे बाबासाहेबांनी सांगितलं.

आणि बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. ते रेल्वे स्टेशनावर कळलं होतं.

आपल्या दापोलीचं नाव इथे यायलाच हवं. सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर दापोलीच्या कॅम्पात राहिले. भीमरावांची शाळा इथे सुरू झाली. याच दापोलीतून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केल्याविरुद्ध अर्ज केला. भरती बंद झाली म्हणजे काय झालं हे आंजर्ले, हर्णै, मुर्डी, पाडले इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. पेन्शन आणि शाळा देणारी नोकरी गेली. उरली गिरणी, गोदी आणि रेल्वे. आणि इथून रेल्वेपर्यंत जायचं तर आधी हर्णै बंदरातून बोट पकडून मुंबई गाठायची, कारण कोकणात रेल्वेच नव्हती. तिचा सबंध मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला, तोही खेडवरून. आंजर्ल्याहून खेड स्टेशन आजही पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे.

१९०१ साल. सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं त्यांना भेटायला साताऱ्याहून निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी. गाडीत कुणी जात विचारली नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुलं वाटली, म्हणून त्याने आपुलकीने चौकशी केली. मुलाने भाबडेपणाने जात सांगितली. मास्तरचा चेहरा उतरला आणि तो निघून गेला. भाड्याचे गाडीवान दुप्पट पैसे देऊनही बसवायला तयार नव्हते. शेवटी ठरलं की मुलांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचं. रात्री नाक्यावर प्यायला पाणी मिळालं नाही.

ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. आता ती रेल्वेचा अहवाल म्हणून पुन्हा वाचा. डब्यात जात विचारली नाही, हे खरं. कंपनीला तिसऱ्या वर्गात जेवढे मावतील तेवढे उतारू हवे होते, सोवळ्याचा वेगळा डबा परवडणारा नव्हता. पण फलाटावर? तिथे ब्राह्मण पाणक्या नेमलेला असायचा, सरकारमान्य. स्टेशनमास्तर सवर्ण. स्टेशनच्या बाहेरचा गाडीवान गावाचाच. म्हणजे जात गाडीत चढली नाही, ती फलाटावर वाट बघत उभी होती. इंजिनाने मसूरपर्यंत आणलं, मसूरच्या पुढे नेलं नाही.

आणि सदतीस वर्षांनी याच माणसाने त्या स्टेशनमास्तरचा हिशेब मांडला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८, मनमाड. जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. त्या भाषणातली 'ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू' ही मांडणी आपण फलकांवर लिहितो, आणि पुढचं भाषण वाचत नाही. पुढे बाबासाहेब रेल्वेचं एकेक खातं घेतात. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागतात, आणि मास्तरला तो घरात चालत नाही. कारकुनाची जागा? मॅट्रिक झालेल्या आपल्या पोरांचे अर्ज पडून. वर्कशॉपमध्ये मिस्त्री, फोरमन? तिथे तो हमाल म्हणूनच राहतो.

बर्कलेचा निबंध आणि हे भाषण शेजारी ठेवा. एकात घाट आहे आणि माणूस नाही. दुसऱ्यात खातं, हुद्दा, बढती अडवणारं कारण, आणि ते कारण कुणाच्या सोयीचं, हे सगळं आहे. साहेबाच्या अहवालाला अहवालानेच दिलेलं असं उत्तर आपल्या चळवळीत दुसरं आम्हाला तरी सापडलेलं नाही.

तर रेल्वेने जात मोडली का? रेल्वेने माणूस हलवला. गावकीच्या कामातून उठवून मुंबईला, इगतपुरीला, मनमाडला, भुसावळला नेला. महिन्याला रोख पगार दिला आणि त्या पगारातून पोरं शिकली, परिषदा भरल्या, वर्गण्या निघाल्या. हे मोठं आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण मनमाडला त्या दिवशी जमलेल्या माणसांना रेल्वेने जात मोडल्याचं वाटलं असतं तर ते तिथे जमलेच नसते. जे काही मोडलं ते त्यांनी जमून मोडलं. इंग्रजाचे आभार मानायच्या घाईत आपण त्यांचं श्रेय इंजिनाला देऊन टाकतो.

बैठकीत हे बोलून झालं तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उठले आणि घरी गेले. आम्हाला वाटलं कंटाळले. पंधरा मिनिटांनी परत आले ते कापडात गुंडाळलेली एक पिवळी पडलेली नोकरीची वही घेऊन. त्यांच्या वडिलांची, रेल्वेतली. पहिल्या पानावर भरतीची तारीख, अंगठ्याचा ठसा आणि हुद्दा: गँगमन. आम्ही पानं उलटत गेलो. बदल्या होत्या, एकदा दोन रुपये दंड होता, रजा होत्या. शेवटच्या पानावर निवृत्तीची तारीख आणि हुद्दा: गँगमन. ज्याने मजकूर वाचून दाखवला होता त्याच पोराने ती वही मोबाईलवर पानापानाने टिपून घेतली.

पुढची बैठक येत्या पौर्णिमेला त्याच विहारात आहे. मनमाडचं भाषण पूर्ण वाचायचं आहे. आंजर्ले, हर्णै, केळशी, आडे या भागातल्या ज्यांच्या घरी आजा-पणजाची रेल्वेची, गोदीची, गिरणीची किंवा पलटणीची वही, पास, पितळी बिल्ला, फोटो असेल त्यांनी तो सोबत आणावा. मूळ कागद कुणीही देऊन टाकू नये. तिथेच नक्कल काढून परत दिला जाईल.

जय भीम.